वजन उतरलं, पाळी थांबली

एकाच वर्षी आमच्या घरात दोघींनी वजन उतरवलं, मी आणि माझ्या धाकट्या जावेनं. चूल एक, जिममधून मिळालेला डाएटचा कागद एक, पहाटे अजिंक्यताऱ्याची चढणही एकच. तिची वर्षानुवर्षं दोन-दोन महिने पुढं जाणारी पाळी हळूहळू महिन्याच्या महिन्याला यायला लागली. माझी पाळी मात्र लग्नाआधीपासून कधी चार दिवसांच्या वर मागंपुढं झाली नव्हती, ती बंद पडली. साताऱ्यात हल्ली पहाटे घाटात, किल्ल्यावर, पोलीस परेड ग्राउंडवर बघावं तिकडं बायका चालताना-पळताना दिसतात. फार चांगली गोष्ट आहे. त्यातल्या चौघी-पाचजणींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमचं पण असं झालं होतं का?" म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. उंची पाच फूट दोन इंच, वजन 61 किलो. पतसंस्थेत दिवसभर काउंटरवर बसून काम. जावेचं वजन 82. तिला कॉलेजपासून पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम अडखळण्याचा त्रास; बोलताना त्यालाच पीसीओडी म्हणतात. हनुवटीवर जाड केस, मानेवर काळपट पट्टा, पाळीचा भरवसा नाही. दिवाळीचा फराळ संपल्यावर दोघींनी एकदमच जिम लावली आणि तिथल्या ट्रेनरनं दोघींच्या हातात एकाच कागदाची झेरॉक्स दिली. सकाळी कोमट पाणी, एक सफरचंद, चार भिजवलेले बदाम. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, काकडी. संध्याकाळी सातच्या आत वाटीभर मुगाचं कढण. तेल दिवसाला दोन चमचे. भात, साखर, शेंगदाणे, तूप बंद. 82 किलोच्या बाईला जे, तेच 61 किलोच्या बाईला.

जाऊ तो कागद आपल्या सोयीनं पाळायची. चहात साखर, रविवारी भात, माहेरी गेली की पोटभर. ती चालायची, पण पळायला कधी आली नाही. मी कागद अक्षरशः पाळला, वर माझा गुरुवारचा उपवास होताच. त्यात पळणाऱ्यांचा एक ग्रुप भेटला आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं वेड लागलं. यवतेश्वरचा घाट चढून उतरायची ही 21 किलोमीटरची शर्यत. आपल्या जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, ते मी टीव्हीपुढं उभी राहून पाहिलं होतं. तेवढं नाही, पण घाट तरी आपल्याला जमावा असं मनापासून वाटायचं, आणि जमतही होता. आठवड्यातले बरेचसे दिवस सकाळी घाट आणि संध्याकाळी जिम. उन्हाळा संपता संपता काटा 49 च्या खाली आला. ब्लाउज आत घ्यावे लागले, माणसं कौतुक करायला लागली.

पाळी मात्र एका दिवसात बंद झाली नाही, आणि हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती थोडी लवकरच यायला लागली. मग पुढं जायला लागली, आधी आठवडाभर, मग पंधरा दिवस. अंगावरून जाणं कमी झालं. पूर्वी चार दिवस जायचं ते दोन दिवसांवर आलं, मग नुसते तपकिरी डाग. पाळीच्या आधी छाती दुखायची, कंबर भरून यायची, तेही बंद झालं. मला ते बरंच वाटलं होतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बीज बाहेर पडणंच थांबलं की ही आधीची लक्षणंही जातात. म्हणजे तारखेला रक्त दिसत असतानाही आतलं काम बिघडायला लागलेलं असू शकतं.

शरीराच्या बाकीच्या खुणाही होत्या, पण त्या मी पाळीशी जोडल्या नाहीत. मे महिन्यात सुद्धा बोटं गार. केस धुतले की न्हाणीघराच्या जाळीत पुंजका. पोट साफ होईना. रात्री तीनला टक्क जाग यायची आणि मग डोक्यात फक्त उद्याच्या खाण्याचा विचार. मुलीनं वरणात तूप जास्त मागितलं तरी माझी चिडचिड व्हायची.

पाळी पूर्ण चुकली तेव्हा घरात आधी दुसरीच चर्चा झाली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, "दिवस गेले असतील, तपासून घे" म्हणून सांगितलं. मेडिकलमधून पट्टी आणून तपासलं, तसं काही नव्हतं. पट्टीनं तपासणं ही पहिली पायरी बरोबरच असते, डॉक्टरांनीही पुन्हा तेच आधी केलं. पुढच्या महिन्यातही काही नाही. आत्या म्हणाल्या, "अंगात रक्तच राहिलं नाही तर पाळी कुठून येणार?" ट्रेनर म्हणाला, चरबी कमी झाली की असं होतंच, स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींना होतं, काळजी करू नका. ओळखीच्या एकींनी पाळी येण्याच्या गोळ्या सांगितल्या. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता दिल्या. पाच दिवस घेतल्या, संपल्यावर आठवडाभर वाट पाहिली. काहीच आलं नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली. या वयात पाळी कायमचीच गेली की काय, असं वाटलं.

मग सोनोग्राफी केली. रिपोर्टात अंडाशयावर बारीक बारीक पुटकुळ्या, खाली "पीसीओ पॅटर्न" असं लिहिलेलं. जावेच्या जुन्या रिपोर्टातही नेमकं हेच वाक्य. ग्रुपमधल्या सगळ्यांचं एकमत झालं: पीसीओडी आहे, अजून तीन-चार किलो कमी कर, भाकरी पण सोड. हा सल्ला मी ऐकला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. एकच ओळ दोन बायकांच्या रिपोर्टात असू शकते आणि दोघींचे उपाय अगदी उलटे असू शकतात.

डॉक्टरीणबाईंकडं जाऊच मला घेऊन गेली. पोवई नाक्यावरून पुढं त्यांचा छोटा दवाखाना आहे. त्यांनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. वजन किती होतं, किती दिवसांत किती उतरलं, सकाळी उठल्यापासून काय काय खाता, पळता किती, उपवास किती, झोप कशी, घरात काही ताण आहे का, कॉपर टी, इंजेक्शन किंवा कसल्या गोळ्या चालू आहेत का, स्तनांतून पाणी येतं का, डोकं दुखतं का, आईची पाळी कितव्या वर्षी गेली. मग ते गोळ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या मनानं घ्यायला नको होत्या, पण त्यातून एक कळलं. त्या गोळ्या बंद केल्यावर अस्तर गळून पडतं. अस्तर तयारच झालेलं नसेल तर पडणार काय?"

रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक. हिमोग्लोबिन 11.4, म्हणजे थोडं कमी, पण पाळी थांबण्याचं कारण ते नव्हतं. अंडाशयाला चालवणारी मेंदूकडची दोन हार्मोन, एलएच 0.9 आणि एफएसएच 4.1. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारं बायकी हार्मोन, फारच कमी. गर्भाशयाचं अस्तर जेमतेम 3 मिलिमीटर. पाळी कायमची जात असती तर एफएसएच खूप वाढलेलं दिसलं असतं, कारण अंडाशय दाद देत नाही म्हणून मेंदू जोर लावत राहतो. माझ्यात मेंदूनंच आवाज देणं कमी केलं होतं. जावेच्या जुन्या कागदांत एलएच वाढलेलं, पुरुषी हार्मोन वाढलेलं, अस्तर जाड. पुटकुळ्या दोघींच्या सारख्या दिसत असल्या तरी बाकी सगळं उलटं. तिच्या अंगात इन्शुलिन जास्त. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ती सात किलोंनी उतरली आणि तिचं अंडाशय कामाला लागलं. मी तेराच्या आसपास उतरले, आणि माझ्यात उतरवण्यासारखं एवढं नव्हतंच.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. पाळीनंतरच्या दिवसांत तो साधारण दर तासा-दीड तासानं एका हार्मोनचा ठोका देतो. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते आणि त्यांच्यावर अंडाशय चालतं. शरीरात येणारी ऊर्जा खर्चापेक्षा फार कमी पडायला लागली की हे ठोके विरळ होतात. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन घटतं, ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं, दोन्हीचा निरोप तिकडं पोचतो. पगार निम्मा झाला की घरात आधी सणासुदीचा खर्च थांबतो, दूध आणि किराणा चालू राहतो, तसं शरीर हृदय आणि मेंदू चालू ठेवतं आणि मूल होण्याची तयारी थांबवतं. वजन चार्टात अगदी बरोबर बसत असलं तरी हे होऊ शकतं. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 19.5 होता, त्यामुळं "बारीक कुठं आहे?" असंच सगळे म्हणायचे.

मग त्यांनी माझ्याच फाईलच्या मागच्या बाजूला पेनानं हिशोब मांडला. तो कागद मी जपून ठेवलाय. वजन साडेअठ्ठेचाळीस, त्यातली चरबी वगळता उरलं सुमारे 39 किलो. खाणं 1150 कॅलरी. पळणं आणि जिममध्ये गेल्या 450. उरल्या 700. त्याला 39 नं भागलं की किलोमागं 18. निरोगी बाईला हा आकडा 45 च्या आसपास लागतो. 30 च्या खाली बरेच दिवस राहिलं की हार्मोन बिघडण्याचा धोका वाढतो, प्रत्येकीची मर्यादा थोडी वेगळी असते. आपल्याकडच्या पोषणाच्या 2020 च्या शिफारशीत 55 किलोच्या मध्यम कष्टाच्या बाईला दिवसाला 2130 कॅलरी सांगितल्यात, बैठं काम करणारीला 1660. मी घाट पळत होते आणि बैठ्या बाईपेक्षाही पाचशेनं कमी खात होते. हा हिशोब पाहिल्यावर मला वाद घालायला काही उरलं नाही. खेळाडूंमध्ये हा त्रास इतका दिसतो की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये त्याला वेगळं नाव देऊन त्याच्यावर निवेदन काढलं. म्हणजे "पळणाऱ्या मुलींना होतंच" हे ट्रेनरचं म्हणणं अर्धं खरं होतं. होतं, पण ते चांगलं नसतं, आणि पुरेसं खाल्लं तर पळणाऱ्या बाईचीही पाळी नीट चालते.

मी पाळी सुरू करणाऱ्या गोळ्या मागितल्या. त्यांनी दिल्या नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर महिन्याला रक्त दिसेल, पण ते गोळीमुळं आलेलं असेल. मेंदूचे ठोके सुरू झाले की नाहीत हे झाकून जाईल आणि हाडांनाही त्याचा खात्रीचा फायदा नाही. बऱ्याच महिन्यांत फरक पडला नाही तर त्वचेवरच्या पट्टीतून इस्ट्रोजेन देण्याचा विचार करू, असं म्हणाल्या. हाडांचं ऐकून मी दचकले. इस्ट्रोजेन हाडांना धरून ठेवतं. पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर हाडांची घनता तपासतात. पुण्याला जाऊन डेक्सा करून घेतलं. खुब्याचं हाड चांगलं निघालं, मणक्याचं वयाच्या मानानं कमी.

उपचार ऐकायला सोपा होता: जास्त खा, पळणं थांबवा, झोपा. करायला तो घाटापेक्षा अवघड गेला. पळण्याचे बूट कपाटात वर ठेवले, जिमचे उरलेले पैसे सोडून दिले. सकाळी फक्त चालायचं, तेही सपाटीवर. गुरुवारचा उपवास सोडायला आत्या नाराज होतील अशी धास्ती होती, पण त्याच म्हणाल्या, "देवाला उपाशी सून नको असते. दूध-केळं खा, दर्शन घे, झालं." आम्हा दोघींची या बाबतीत तोपर्यंत कधी एवढी बोलाचालीही नव्हती. सकाळी नाचणीची दुधातली आंबील आणि दोन अंडी. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दुपारी दोन भाकरी, उसळ, भाजी, शेंगदाण्याची चटणी तेल घालून, वाटीभर दही. पतसंस्थेत चारला तिळाचा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे. रात्री वरण-भात-तूप. रविवारी मटण. जेवणांमध्ये फार अंतर पडू द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, कारण दिवसाची बेरीज बरोबर असली तरी दिवसभर उपाशी राहून रात्री खाल्लेलं शरीराला तितकं मानवत नाही.

पहिले काही आठवडे पोट फुगायचं, चेहरा सुजल्यासारखा वाटायचा. वजन आधी झपकन तीन किलो वाढलं, मग सावकाश. ग्रुपमधल्या एका बाई भर बाजारात, राजवाड्याजवळ, म्हणाल्या, "अगं, परत सुटलीस की!" घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण अर्धं टाकलं, संध्याकाळी जावेनं ताटात वाढून समोर ठेवलं आणि मी संपवेपर्यंत उठली नाही. तिनं वजनकाटा सुद्धा तिच्या माळ्यावर नेऊन ठेवला. यांनी एकदाही "किती वाढलं?" असं विचारलं नाही. डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडंही पाठवलं होतं. अन्नाकडं बघितलं की आकडे दिसायचे ते कमी व्हायला त्यांची फार मदत झाली. ज्यांना खाण्याची भीतीच बसली असेल त्यांनी ही मदत जरूर घ्यावी, नुसता डाएटचा कागद बदलून ते सुटत नाही.

सुधारणा पाळीच्या आधी दुसरीकडं दिसली. हात गरम राहायला लागले. रात्रीची झोप सलग लागायला लागली. मग बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा अंगावरून पांढरं, तार धरणारं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं पाणी गेलं. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, इस्ट्रोजेन वाढायला लागल्याची ती खूण. त्याबरोबर एक ताकीदही दिली होती. बीज आधी बाहेर पडतं, पाळी त्याच्या दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी नसतानाही दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर "पाळीच येत नाही, मग कशाला काळजी" या भरवशावर राहायचं नाही. आम्ही काळजी घेतच होतो.

पाळी आली ती कामावर असताना, ऐन एक तारखेच्या गर्दीत. कमी होती, दोनच दिवस, पण लाल. घरी येऊन आधी जावेला सांगितलं, मग आत्यांना. त्यांनी त्या रात्री शिरा केला. पुढची सव्वा महिन्याहूनही उशिरा आली, त्यानंतरची थोडी लवकर. तीन पाळ्या लागोपाठ नीट आल्यावर डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा हलकं पळायची परवानगी दिली. अट एकच: पळायच्या आधी केळं किंवा भाकरीचा तुकडा खायचा, आल्यावर अर्ध्या तासात नाश्ता, आणि पाळी पुन्हा लांबायला लागली की बूट वर. सध्या माझं वजन 56 च्या आसपास असावं, दवाखान्यातच बघतात.

घाटात विचारणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते. व्यायाम नवा सुरू केल्यावर एखादी पाळी आठवडाभर पुढंमागं झाली तर घाबरू नका, वहीत तारीख लिहा, किती दिवस आणि किती गेलं तेही लिहा. दोन पाळ्यांमधलं अंतर सतत वाढतंय किंवा जाणं सतत कमी होतंय असं दिसलं तर आधी ताटात वाढवा. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांकडं जा, मेडिकलमध्ये नको. जाताना आपण काय खातो आणि किती पळतो हे न विचारता सांगा. दिवसाचं खाणं मोकळेपणानं सांगितलं नसतं तर माझा हिशोब कुणालाच मांडता आला नसता. आणि ज्यांना पीसीओएस आहे त्यांनी माझं वाचून चालणं सोडू नये. माझी जाऊ आजही रोज किल्ला चढते, तिचं वजन आता 74 आहे आणि पाळी महिन्याला.

मणक्याची तपासणी पुढच्या वर्षी पुन्हा आहे. पाळी पुन्हा सुरू झाली तरी हाड भरून यायला जास्त वेळ लागतो, आणि पूर्ण भरेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. तोवर कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू आहे, आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायामही. हाफ मॅरेथॉनमध्ये नाव घालायचं की नाही, ते तो रिपोर्ट हातात आल्यावर आम्ही दोघी, मी आणि डॉक्टर, मिळून ठरवणार आहोत.